खरातसाहेबांचा झँडर

मासा पकडायचा आणि परत पाण्यात सोडायचा, यावर माझं घर चालतं हे भंडाऱ्याच्या माझ्या धाकट्या भावाला मी अजून पटवू शकलेले नाही.

"म्हणजे लोक तुला पैसे देतात, तू मासा दाखवतेस, ते पकडतात, फोटो काढतात आणि सोडून देतात?"

"हो."

"मग जेवतात काय?"

"घरून आणलेलं सँडविच."

यावर तो इतका वेळ गप्प बसतो की फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो करत राहते. आमचा मुलूख तलावांचा. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ढिवर कोळ्यांच्या बायका टोपल्या घेऊन बसायच्या, आई कल्ला उघडून लाल आहे का ते बघायची, आणि दुपारी तो मासा ताटात असायचा. त्या पाळीवर वाढलेल्या माणसाला मासा सोडून देण्याची फी हा प्रकार समजावणं अवघडच आहे.

तर मी फिशिंग गाईड. इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये एक तलाव आहे, माणसांनी बांधलेला, आसपासच्या शहरांना पाणी पुरवणारा. त्याचं नाव सांगणार नाही. आमच्या धंद्यात जागा सांगणारा आणि भिशी घेऊन पळणारा हे एकाच रांगेत उभे केले जातात. या तलावावर मी बोट चालवते आणि गिऱ्हाइकाला मासा शोधून देते. शोधून देते, पकडून नाही. हा फरक मी जेटीवरच सांगून टाकते, नाहीतर संध्याकाळी वाद होतात.

जेटीवर आणखी एक गोष्ट सांगावी लागते, ती म्हणजे गाईड मीच. साठीकडे झुकलेली, जेमतेम पाच फुटांची, वॉटरप्रूफ डगल्यात बुडालेली बाई बघून लोक माझ्यामागून कुणी येतंय का ते बघतात. एका गृहस्थांनी त्यांची बॅग माझ्या हातात दिली, एक कॉफी सांगितली आणि गाईड कधी येतो म्हणून विचारलं. मी कॉफी आणून दिली आणि म्हटलं, आला. त्यानंतर तो माणूस दिवसभर माझ्याशी इतका अदबीनं वागला की मलाच संकोच वाटायला लागला.

याआधी मी लीड्सच्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफर होते. अंधाऱ्या खोलीत बसून करड्या स्क्रीनवर बाळं, मूत्रपिंडं आणि पित्ताशयातले खडे शोधायचे. हे काम करणाऱ्या पुष्कळ बायकांचा खांदा कधी ना कधी जातो, कारण वर्षानुवर्षं हात उचलून दाबून धरायचा असतो. माझाही गेला. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, मोकळ्या हवेत काहीतरी करा. त्यांच्या डोळ्यांसमोर बागकाम असावं. पण आमच्या डिपार्टमेंटचा पोर्टर ट्रेव्हर मला मासेमारीला घेऊन गेला. त्याच्या बोटीवर एक छोटा स्क्रीन होता, त्याला साउंडर म्हणतात. तो पाण्यात आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजाचं चित्र काढतो. ट्रेव्हर मला ते समजावून सांगायला लागला. मी म्हटलं, थांब, ही ठळक रेघ म्हणजे दगड, आणि तिच्यावर हे जे धूसर आहे ते जिवंत आहे. ट्रेव्हरनं गळ खाली सोडला आणि मासा वर काढला. त्या दिवसापासून मी त्या स्क्रीनला चिकटले ती आजतागायत.

हॉस्पिटलची आठवण येते का, असं लोक विचारतात. येते. बातमी चांगली असली की स्क्रीन आईकडे वळवायचा आणि हे बघा म्हणायचं. वाईट असली की स्क्रीन आपल्याकडेच ठेवायचा आणि आवाज सांभाळायचा. पहिल्या प्रकारची आठवण रोज येते. दुसऱ्या प्रकारचे काही चेहरे अजून जात नाहीत, पण त्यांच्यावर आत्ता लिहीत नाही.

आमच्याकडे लोक येतात ते झँडरसाठी. याला मराठीत नाव असल्याचं मला माहीत नाही. लांबट अंगाचा, हिरवट सोनेरी, पाठीवर काटेरी पंख, तोंडात पुढे सुळे. डोळे मोठे आणि काचेचे बसवल्यासारखे, कमी उजेडात बघायला केलेले. त्यामुळे लख्ख ऊन त्याला सोसत नाही. ढग, वारा आणि गढूळ पाणी असलं की त्याची दिवाळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा तळाला चिकटून राहतो. तळापासून कमरेएवढ्या उंचीवर काय चाललंय याच्याशी त्याला सहसा काही देणंघेणं नसतं.

त्याची या देशातली कथा गमतीची आहे. कुणा जमीनदारानं युरोपातून आणून त्याला इथल्या तळ्यात सोडलं, त्याला आता कित्येक पिढ्या झाल्या. तरी सरकारदरबारी तो अजून बाहेरचाच. त्याला परत पाण्यात सोडायचं तरी तलाववाल्यांना परवानगी लागते. लंडनला, ईलिंगमध्ये, एका मराठी मित्राच्या घरी मी हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "त्यानं इंडेफिनिट लीव्हला अप्लाय केलंय का?" म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, आम्ही सगळ्यांनीच कधीतरी मागितलेला.

याच मंडळींपैकी आठजण एकदा माझ्याकडे आले होते. बोटीत पाय ठेवायच्या आधी पहिला प्रश्न, "किती वेळ लागेल? पार्किंग दोन तासांचं आहे." दुसरा प्रश्न, "गॅरंटी काय?" आमच्या लोकांना मासा मिळण्याच्या आनंदापेक्षा न मिळण्याची भीती जास्त. दोन तासांत त्यांनी एक मासा पकडला आणि चार डबे संपवले, आणि मला शेंगदाण्याची चटणी दिली ती अप्रतिम होती.

आमच्या आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात माझी वेगळीच थट्टा होते. "संध्याताई, पंचशील घेता आणि मासे मारता?" मी म्हणते, मी मारत नाही, मी फक्त पत्ता सांगते. माझे मिस्टर प्रकाश विपश्यनेचे, पक्के शाकाहारी. रोज संध्याकाळी मी बूट काढत असताना विचारतात, "आज किती सुटले?" मी आकडा सांगते आणि ते समाधानानं भाजी परततात. आमचा संसार या एका प्रश्नावर नीट चालला आहे.

आता खरातसाहेबांकडे येते. हे सगळं लिहिते आहे ते त्यांच्यासाठीच.

अरविंद खरात, राहणार लंडनचं स्टॅनमोर, मूळचे पुण्याचे. कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, रस्त्यांचे इंजिनिअर होते, आता निवृत्त. सीझन सुरू झाला की पहिलं बुकिंग त्यांचं. बरोबर त्यांच्या पत्नी मीनाताई, त्याही निवृत्त फार्मासिस्ट. मीनाताई बोटीत कधी आल्या नाहीत. कार पार्कमध्ये गाडीत बसायच्या, फ्लास्कमधला चहा प्यायच्या, शब्दकोडं सोडवायच्या आणि संध्याकाळी काच खाली करून विचारायच्या, "मिळाला?" साहेब म्हणायचे, "जवळ आला होता." हे इतके सीझन चाललं की तो त्यांचा रामराम झाला होता.

साहेबांची मासेमारीची पेटी बघण्यासारखी होती. कप्प्याकप्प्यांत रबरी मासे, ज्यांच्या पोटात गळ आणि डोक्यात शिसं असतं. हेच आमचं आमिष. रंगाप्रमाणे लावलेले, एकूणएक पाकीटबंद. आणि साहेब मासेमारी करायचे ती एका जुन्या करड्या रबरी माशानं, ज्याची अर्धी शेपटी कधीच गेली होती.

"साहेब, यातला एखादा लावू या का?"

"नको गं. ते चांगले आहेत."

मला वाटलं, एकेकाची पद्धत असते. मी दर वेळी एवढंच सांगायची की आमिष तळाला लागू द्या, तळ लागला की जरासं उचला, पुन्हा लागू द्या. त्यावर ते "हो हो" म्हणायचे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं की आपली वडीलधारी माणसं म्हणतात, तसलं हो हो. त्यांना पर्चसारखे दुसरे मासे मिळायचे, एकदा मोठा पाइकही मिळाला. त्यांच्याच बोटीत शेजारी बसून नवख्या माणसांनी झँडर काढले. साहेब त्यांचे फोटो काढून द्यायचे, तेही मनापासून. पुढे बसायचे, माझ्याकडे पाठ करून, आणि माझा स्क्रीन मागे. गढूळ पाण्यात त्यांचं आमिष कुठे लोंबकळतंय ते मला तरी कसं दिसणार.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. "संध्या, घर विकलं. आम्ही पुण्याला जातोय, फॉर गुड. पुढच्या आठवड्यात फ्लाइट आहे. शनिवार तेवढा माझ्यासाठी ठेव."

"ठेवते, साहेब."

"झँडर न पकडता हीथ्रोला जायची माझी इच्छा नाही. तिकडे सगळ्यांना सांगून बसलोय."

सप्टेंबर अखेर होती. गुरुवारी आमच्या तलावाच्या ऑफिसातून मेसेज आला की पाण्यावर निळंहिरवं शेवाळ आलंय, ते विषारी असतं, पुढची सूचना मिळेपर्यंत बोटी बंद. मी कपाळाला हात लावला. झँडर असलेलं आणि मला बोट मिळेल असं एकच पाणी उरलं होतं, गाडीनं तास दीड तासावर, आमच्या तलावाच्या कितीतरी पट मोठं. तिथे मी उभ्या जन्मात बोट घातली नव्हती. साहेबांना मी स्पष्ट सांगितलं, "अनोळखी पाणी आहे, एका दिवसात आंधळी कोशिंबीर होईल. तुमचे पैसे परत देते."

"अगं, ओळखीच्या पाण्यात तरी कुठे मिळाला?" साहेब म्हणाले.

शनिवारी मी दोघांना स्टेशनवरून घेतलं. त्यांची गाडी विकून झाली होती. त्यामुळे मीनाताईंना बसायला कार पार्कमध्ये गाडीच नव्हती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या लाइफ जॅकेट चढवून बोटीत आल्या, शब्दकोड्यासकट.

अनोळखी पाण्यात मासा कसा शोधतात, हे मला नेहमी विचारलं जातं. पहिली गोष्ट, काठावरच्या मासेमारांच्या लॉजमध्ये चहा घ्यायचा आणि सगळ्यांना विचारायचं. ऐकायचं मात्र कुणाचंच नाही. आम्ही मासेमार लोक सभ्य, मदतीला धावणारे, पण जागेच्या बाबतीत खोटं बोलणं आमच्यात पाप धरत नाहीत. तिथल्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं मोठ्या प्रेमानं मला नकाशावर धरणाच्या भिंतीजवळची जागा दाखवली. इतक्या प्रेमानं दाखवली की ती मी लगेच बाद केली.

मग मी जेटीवर गेले आणि आदल्या दिवशी वापरलेल्या बोटींचे नांगर बघितले. माणूस खोटं सांगेल, नांगराला लागलेला चिखल कशाला सांगेल. बहुतेकांना करडा गाळ होता. तीन बोटींच्या नांगरांना मात्र तांबूस चिकणमाती लागलेली, आणि एकाच्या दात्यात काळ्या पडलेल्या लाकडाचा तुकडा अडकलेला. मी पाण्यापलीकडे बघितलं. नांगरलेलं तांबूस शेत पूर्वेच्या काठावर होतं. वारा दोन दिवस पश्चिमेकडून वाहत होता, म्हणजे छोटे मासे, गढूळपणा, सगळं तिकडेच ढकललं गेलं असणार. वर ढग होते. माझा जीव जरा हलका झाला.

"काय बघतेस एवढं?" मीनाताईंनी विचारलं.

"चिखल."

"त्यासाठी इतक्या लांब आलो होय," त्या म्हणाल्या आणि कोड्याकडे वळल्या.

पूर्वेचा काठ सांगायला सोपा, पण तो मैलोगणती पसरलेला. आख्खी सकाळ आम्ही त्याच्या कडेनं रांगत होतो. स्क्रीनवर सपाट तळ, पुन्हा सपाट तळ, मधूनच छोट्या माशांचा ढग. दोन ठिकाणी थांबलो, साहेबांनी आमिष सोडलं, काही नाही. दुपार झाली. मीनाताईंनी डबा उघडला, पोळीभाजीचे रोल. घरातली भांडी गेल्यामुळे ते फॉइलमध्ये होते. साहेबांनी खाल्लं नाही. मी गाईड असल्याचा मला त्या वेळी काही अभिमान वगैरे वाटत नव्हता. पुढच्या आठवड्यात हा माणूस विमानात बसणार आणि त्याच्या मनात हे राहून जाणार, आणि ते माझ्या बोटीत बसून राहून जाणार, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात काठावर एक गल्लीवजा रस्ता दिसला. इंग्लंडात खेड्यापाड्यांत अरुंद रस्ते असतात, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांचं कुंपण. हा रस्ता शेताच्या उतारावरून सरळ खाली येत होता आणि तसाच पाण्यात शिरत होता. धरण बांधलं तेव्हा बुडालेला रस्ता. कुंपणही त्याच्याबरोबर पाण्यात शिरलं होतं. नांगराच्या दात्यातलं लाकूड मला आठवलं.

"साहेब, तुमच्या डिपार्टमेंटचा रस्ता सापडला," मी म्हटलं.

रस्त्याची रेघ धरून मी बोट हळूहळू आत नेली. स्क्रीनवर तळ आधी चढला, मग टणक झाला, कडेला झुडपांच्या खुंटांचा खडबडीतपणा आला. आणि खुंटांच्या आडोशाला, अगदी तळाला टेकलेले, तीन जाड पट्टे. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी तोंडातून शब्द काढला नाही. आधी नीट बघितलं. मोटर बंद केली. मग साहेबांना पुढची जागा सोडून मागे, माझ्याशेजारी बसवलं, आणि म्हटलं, "इथे खाली सोडा."

त्यांनी सोडलं. पट्टे जागचे हलले नाहीत.

"अजून खाली."

"सोडलंय की."

"तळाला लागलं?"

"हो हो."

आता साहेब माझ्याशेजारी होते, बोट स्थिर होती आणि आमिष बरोबर साउंडरच्या खाली होतं. मला सगळं दिसत होतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"साहेब, हे बघा. हा तळ. त्याला चिकटलेले हे झँडर. आणि वर ही बारीक रेघ दिसते? तुम्ही हात हलवला की हलते ती? ते तुमचं आमिष. मधे हे जे काळं आहे ते नुसतं पाणी आहे."

साहेबांनी हात वर केला, रेघ वर गेली. हात खाली केला, रेघ खाली आली. मधलं काळं तसंच राहिलं. ते बराच वेळ बघत होते. मीनाताई चष्मा सावरत वाकल्या.

"म्हणजे इतकी वर्षं वरच्या वरच?"

"तळाला नेलं की अडकतं, मीना. खाली काट्याकुट्या असतात. ओढलं की तुटतं. तुटलं की गेलं."

"मग जाऊ दे की."

"हा मला लकी आहे."

"अहो, त्याच्यावर एकसुद्धा झँडर मिळालेला नाही."

मीनाताईंनी पेटी पुढे ओढली आणि उघडली. "हे एवढे आहेत ते?"

"ते चांगले आहेत."

"ते कधी वापरणार?"

"पुण्याला नेणार आहे."

पुण्यात झँडर नसतो, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मीनाताईंकडे बघून मिटलं. त्या माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी रोजचा होता.

"संध्या, तुला सांगते. आमचा बोनचायनाचा डिनर सेट होता. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घेतला. चांगले पाहुणे आले की काढायचा म्हणून शोकेसमध्ये ठेवला. मागच्या आठवड्यात चॅरिटी शॉपला दिला. तिथली बाई म्हणाली, हा तर ब्रँड न्यू आहे. मी म्हटलं, यस, ब्रँड न्यू आहे. तसंच त्या शालींचं. तसंच वरच्या बेडरूमच्या कार्पेटचं, प्लास्टिक अंथरलेलं. मी एकट्या ह्यांच्यावर ढकलत नाही हो. दोघांनी मिळूनच ठेवलं होतं."

माझ्याही घरी अशी एक शोकेस आहे. कुणाच्या घरी नाही?

बोटीच्या अंगावर लाटा आपटत होत्या, खाली तीन झँडर आपल्या जागी होते. मीनाताईंनी पेटीतलं एक पाकीट काढलं, पिवळं, आणि दातानं फाडलं. साहेबांचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला.

मी पिवळा मासा दोरीला बांधला. साहेबांनी सोडला. या वेळी रेघ खाली खाली गेली आणि तळाला टेकली. एकदा उचलला, एकदा टेकवला, आणि अडकला. मी बोट मागेपुढे केली, सगळ्या बाजूंनी ओढून बघितलं, शेवटी तुटला.

"गेला," साहेब म्हणाले. घरातलं माणूस गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

दुसरा हिरवा होता. तोही गेला. तिसऱ्या वेळी मात्र साहेबांनी नुसता हात पुढे केला, आणि मीनाताईंनी पाकीट आधीच फाडून ठेवलं होतं. चौथ्याला त्यांनी विचारलं, "कुठला रंग देऊ?" आणि साहेब म्हणाले, "दे गं कुठलाही." मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण कुठलाही हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. खांद्याला खांदा लावून दोघं काम करत होती, एक फाडत होती, एक हरवत होता. मधेच मीनाताईंना हसू फुटलं आणि मग साहेबांनाही. मला कळेना हसावं की गिऱ्हाइकाचं नुकसान होतंय म्हणून काळजी करावी.

मग साहेब म्हणाले, "अडकलं बघ पुन्हा."

मी रॉडच्या टोकाकडे बघितलं. टोक खाली जात होतं, थांबत होतं, पुन्हा झटका देत होतं.

"साहेब, अडकलेलं असं डोकं हलवत नाही."

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग रॉड वाकला, रीळ किरकिरलं, आणि ते उभे राहायला लागले तसं मी त्यांचं जॅकेट धरून खाली बसवलं. मीनाताईंचं शब्दकोडं वाऱ्यानं पाण्यात गेलं, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "सावकाश," मी म्हणत होते, "त्याला वर यायचं नाहीये, तुम्ही घाई करू नका." पाण्याखाली आधी सोनेरी काहीतरी वळलं, मग तो काटेरी पंख, मग तो मोठा काचेचा डोळा. मी जाळं खाली घातलं.

फार मोठा नव्हता. मध्यम. पण झँडर होता. साहेबांनी त्याला दोन्ही हातांत धरलं आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. वारा फार आहे म्हणाले. होताच वारा.

मीनाताईंनी बोटीतूनच मुलीला फोन लावला, इथेच जन्मलेल्या नेहाला. स्पीकरवर तिचा आवाज आला, "बाबा, मासा मिळाली?"

"मिळाली," साहेब म्हणाले. एरवी ते तिला सुधारल्याशिवाय सोडत नाहीत.

त्या तलावावर पाटीच होती की झँडर परत सोडायचा नाही, हवा तर घरी न्या. साहेबांनी लगेच योजना आखली. "मीना, फ्रीज करू. उद्या सेंड-ऑफला सगळे येणार आहेत, तेव्हा..."

मीनाताईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "अहो, फ्रीजर परवा कौन्सिलवाले घेऊन गेले."

साहेब म्हणाले, "मग आजच खावा लागेल."

"लागेल," मीनाताई म्हणाल्या.

माझं घर वाटेवर होतं. स्वयंपाकघर मीनाताईंनी ताब्यात घेतलं. आलं, लसूण, तिखट, हळद, वरून रवा, आणि तव्यावर. झँडरला काटे कमी आणि मांस पांढरं, सुरमईच्या तोडीचं नसलं तरी तक्रार करण्यासारखं नाही. प्रकाशनी आपली डाळ बाजूला वाढून घेतली आणि सवयीनं विचारलं, "आज किती सुटले?" मी म्हटलं, आज मोजायचं नाही. ताटं काढताना मी शोकेसपाशी गेले, आईनं माझ्या लग्नात दिलेले काठाला नक्षी असलेले पितळेचे डबे तसेच राहू दिले, पण वरच्या फळीवरच्या पाहुण्यांच्या ताटल्या काढल्या. त्यातली एक धुताना फुटली. मीनाताई म्हणाल्या, "छान झालं."

स्टेशनवर सोडताना साहेबांनी पेटी माझ्या हातात दिली. "ही तुला. तिथे काय करू मी हिचं?"

"अहो, एवढी महागाची..."

"उघडून बघ."

घरी येऊन उघडली. रंगाप्रमाणे लावलेले मासे तसेच होते, पण एकही पाकीट बंद नव्हतं. परतीच्या वाटेवर, माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून, त्यांनी सगळी फाडली होती. रिकामी पाकिटं नीट घडी करून तळाशी ठेवलेली, तेवढी सवय मात्र गेली नव्हती.

पुढचा सगळा सीझन मी तेच मासे वापरले. गिऱ्हाइकांना म्हणायची, अडकू दे, चिंता करू नका. एक एका जर्मन प्राध्यापकानं हरवला, एका नवऱ्या मुलानं लग्नाच्या आदल्या दिवशी दोन हरवले, एक मी स्वतः. शेवटचा जांभळा होता. तो परवा, त्याच बुडालेल्या रस्त्याच्या कुंपणात अडकला. मी बोट सगळीकडून फिरवली, ओढलं, तुटला.

जेटीवर परत आल्यावर मी साहेबांना पुण्याला मेसेज केला, "साहेब, पेटी रिकामी झाली. सगळे गेले."

पाच मिनिटांत उत्तर आलं. "शाब्बास."